कोंड्याच्या मोलाची मुलगी

कल्याण,
श्रावण वद्य ७, शके १८१०

तीर्थरूप दाजीकाकांच्या पायी मधुचा नमस्कार.

मंदाकिनी मोकळी झाली. मुलगी आहे. आधीची दोन हाती लागली नाहीत हे आपण जाणताच, म्हणून आईने साखर वाटली नाही. मूल अशक्त आहे. अंग फार सैल, दूध ओढत नाही, कापसाच्या बोळ्याने पाजावे लागते.

आई म्हणते, ज्या घरी मुले टिकत नाहीत त्यांनी तान्हे मूल परक्या बाईच्या पदरात टाकावे आणि ते सव्वा महिन्याचे झाले की कोंडा देऊन सोडवून आणावे. बाळकाकाला असेच कोपरीच्या कोळणीकडे ठेवले होते म्हणते. हे खरे का? आणि बाळकाका जन्मला तेव्हा कसा होता, दूध पीत होता का, मान केव्हा धरली, हेही लिहावे. मला तो मोठा झालेलाच आठवतो. कचेरीत काम फार, म्हणून इतकेच.

आपला
मधु

*

ठाणे, टेंभी नाका,
श्रावण वद्य १०

चिरंजीव मधु, तुला आणि सूनबाईला या म्हाताऱ्याचे आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. बाळ गेल्याला वर्ष होऊन गेले. या वर्षात त्याच्याबद्दल आपण होऊन विचारणारा तू पहिलाच. लोक म्हणतात, सुटला बिचारा. कुठून सुटला, ते कोणी सांगत नाही.

तू विचारतोस ते मी डोळ्यांनी पाहिलेले नाही. मी तेव्हा पनवेलीस शाळेवर होतो. दिवाळीला घरी आलो तो आईच्या मांडीवर हे लोण्याच्या गोळ्यासारखे मूल. डोळे बारीक, बाहेरच्या अंगाला वर चढलेले, जिभेचे टोक सदा बाहेर, जणू कोणाला वेडावते आहे. आईचे वय झालेले, मधली मुले गेलेली, त्यावर हा. दूध ओढीत नसे. मान वर्षाने धरली म्हणत.

कोपरीची गोष्ट खरी आहे, आणि ती आईच्या तोंडून ऐकायची गोष्ट होती. ती सांगे, बाळाला सुपात घालून कोळणीच्या पदरात टाकले, मागे वळून पाहिले नाही. ठेवलेल्या मुलाचे तोंड तोवर घरच्या कोणी पाहायचे नाही, म्हणजे काळालाही वाटते, हे पोर यांचे नव्हे. सव्वा महिना भरला की आई नाहीतर बाप यांनी पाच घरी जायचे आणि दारात उभे राहून म्हणायचे, माझे पोर सोडवायचे आहे, कोंडा घाला. स्वतःच्या घरचा कोंडा चालत नाही. आईने तो मागून आणला आणि बाळ घरी आला तो आम्हां सर्वांना पुरून उरला. त्या कोळणीची सून हौसाबाई अजून तिथेच आहे. नारळी पौर्णिमेला बाळ तिच्याकडे जेवल्यावाचून राहत नसे.

तेव्हा जरूर करा. एक लिहू का? लोक मुलासाठी हे करतात, मुलीसाठी कोण करतो? वहिनींनी नातीसाठी हे मनात आणले, वाचून मला भरून आले.

तुझा
दाजीकाका

*

कल्याण,
भाद्रपद शुद्ध ३

तीर्थरूप काका,

आई कोपरीला जाऊन मुलीला हौसाबाईच्या पदरात टाकून आली. गाडीची वेळ झाली म्हणून आपल्याकडे येता आले नाही. रीतीप्रमाणे आपणही तिकडे जाऊ नये, असे तिने मुद्दाम सांगितले आहे.

आणखी थोडे विचारतो, राग नसावा. बाळकाका चालला केव्हा? बोलला केव्हा? त्याला स्वतःचे काय करता येत असे? आजी गेल्यावर त्याचे कोण करी? लोक तोंडावर काय म्हणत? तो कितव्या वर्षी गेला हेही नक्की लिहावे.

मधु

*

ठाणे,
भाद्रपद शुद्ध ६

चिरंजीव मधु,

राग कसला? माझ्या ओट्यावर बसून कोणी असे विचारले असते तर दिवेलागण होईपर्यंत उठू दिले नसते.

बाळ चालला पाचव्या वर्षी. ज्या साली पहिली आगगाडी ठाण्याला आली त्याच साली. सारा गाव धूर पाहायला लोटलेला. बायका पदराने डोळे झाकीत होत्या, कोणी नारळ फोडीत होते. मी बाळाला खांद्यावर घेऊन उभा. खाली उतरवला तर हा गाडीकडे पाठ करून एका शेळीकडे चालत गेला. पहिली पावले. कोणी पाहिली नाहीत, सगळे लोखंड पाहत होते. मी तेवढी पाहिली.

बोलणे उशिरा, आणि तेही आमच्यापुरते. मी पनवेलीहून बदलून इथल्या शाळेवर आलो तेव्हा तो रोज माझ्यामागून शाळेत येई आणि शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसे. मी पोरांना माझ्याच दोन ओळींवर एक वृत्त शिकवीत असे:

नदी बोलते सागराला हळू ती
तुझ्या अंगणी मी कशी यावयाची

वर्ग पहिली ओळ म्हणे, बाळ गप्प. दुसऱ्या ओळीच्या शेवटी मात्र सगळ्यांच्या वर आवाज काढून ‘वयाची’ म्हणे आणि स्वतःच टाळ्या वाजवी. एकदा मोठे साहेब तपासणीला आले होते. त्यांनी विचारले, हा विद्यार्थी कोण? मी म्हटले, हा शेवटचे अक्षर सांभाळतो. साहेब हसले. पुढे कधी भेटले की विचारीत, अक्षर बरे आहे ना?

लोक काय म्हणत विचारतोस. पोरे चिडवीत. नाक्यावर भिवा गाडीवान होता, तो पोरांना म्हणे, त्याला हसता काय रे, तो तुमच्या बापाच्या लग्नात नाचलाय. आणि खरेच, गावात लग्न असो की मयत, बोलावणे असो नसो, बाळ पुढे. मयताला रडणाऱ्याच्या शेजारी जाऊन त्याचा हात आपल्या हातात घेऊन बसे. उठवले की उठे.

गेला तेव्हा अडतिसावे चालू होते. छातीचे दुखणे. आई गेल्यावर त्याचे आम्ही सगळ्यांनीच केले.

आता महिनाअखेरीस सव्वा महिना भरेल. कोंडा मागायला तू येशील तेव्हा तुझ्याबरोबर मीही फिरेन. नातीचे नाव काय ठरले?

दाजीकाका

*

कल्याण,
आश्विन शुद्ध ११

मामंजींच्या पायी मंदाकिनीचा नमस्कार.

मला लिहिणे ह्यांनी शिकवले, चुकले तर समजून घ्यावे. हे पत्र शेजारच्या काकूंच्या हाती टपालात टाकते आहे. घरात माहीत नाही.

मुलगी अजून कोपरीलाच आहे. सव्वा महिना पितृपक्षात भरला. सासूबाई म्हणाल्या, पक्षात नको. मग म्हणाल्या, नवरात्र बसू दे. मग म्हणाल्या, दसरा होऊ दे. काल दसरा झाला. आज मी विचारले तर म्हणाल्या, आता कोळणीच्या दुधावर वाढलेली, घरात कशी घ्यायची? त्यांनी मला चोळी-बांगडी केली आणि म्हणाल्या, तू वयाने लहान आहेस, पुढे होतील.

ती बाळकाकांसारखी आहे. ह्यांनी तुम्हाला ते लिहिले नाही. पहिल्याच दिवशी सासूबाईंनी तिचे डोळे पाहिले आणि माझ्या हातून काढून घेतली. ह्यांनी तुमची पत्रे आईला वाचून दाखवली. तुम्ही लिहिले होते जरूर करा, म्हणून मीही सुपात घालू दिली. मला वाटले सव्वा महिनाच.

तुम्ही लिहिले होते, बाळकाका शेवटचे अक्षर सांभाळत. ते ऐकून हे कितीतरी वेळ भिंतीकडे बघत बसले होते. मी पाहिले आहे. म्हणून तुम्हाला लिहिते. ह्यांना माझ्या सांगण्याने होणार नाही.

तिला नाव नाही. बारसे केलेच नाही.

मंदाकिनी

*

ठाणे,
आश्विन शुद्ध १३

मधु,

आज सकाळी कोपरीला जाऊन आलो. रीत मोडली. ती आधीच मोडली गेली होती, हे मला आता कळले.

माझ्या घरापासून खाडीच्या त्या अंगाची वस्ती ती काय लांब? तुला शेळीची गोष्ट लिहीत होतो तेव्हा तुझी मुलगी तिथे निजलेली होती. हौसाबाई अंगणात जाळे पसरत होती. मला पाहून म्हणाली, “आलात मास्तर? वाटलं व्हतं बामनाचं घर बुडालं का काय.”

मी म्हटले, पोर दाखव. तिच्या सुनेने आणून मांडीवर ठेवली. मी काय सांगू? मी चाळीस वर्षे मागे गेलो. तेच डोळे, तीच जीभ. मी बोट पुढे केले तर धरले. बाळाची पकड अशीच होती, ओली आणि सैल, पण सोडीत नसे.

मी म्हटले, हौसाबाई, मी हिला घेऊन जातो. ती सरळ नाही म्हणाली. “तुमी कोन? आयनं नायतर बापानं कोंडा आनला पायजे. पाच घरचा. तुमी चुलत आजा, तुमच्या हाती कशी देव? पोर हाय, म्हावरा नाय का कोनीबी टोपलीत घालून न्यावा.” मी पुष्कळ सांगून पाहिले. शेवटी आवाज चढला माझा. तिचा चढला नाही. म्हणाली, “माज्या सासूनं बी अशीच वाट बघितली व्हती.” मी विचारले, कसली वाट? ती जाळ्याकडे वळली. म्हणाली, “ते तुमच्या वैनीला इचारा.”

आणि हे नीट वाच. पोरीला पाजणारी ही सून दिवाळीला माहेरी उरणला जाणार आहे, तिच्या लेकराची पहिली दिवाळी आहे. ती गेली की दूध गेले. बोळ्याने बकरीचे दूध हिला उतरत नाही, खोकला उठतो. हौसाबाई म्हणाली, “मग माज्यावर बोल नको.”

दिवाळीला किती अवकाश आहे ते तुला कळते. तू कचेरीत लोकांचे अर्ज घेतोस. हा माझा अर्ज आहे.

दाजी

*

कल्याण,
आश्विन वद्य २

भावोजींस,

हे अक्षर मधुचे आहे, बोल माझे आहेत. त्याला म्हटले आहे, एक शब्द गाळायचा नाही.

हौसाने विचारायला सांगितले ते ऐका. बाळभावोजींना कोपरीला टाकले ते सोडवण्यासाठी नव्हते. तुमच्या वडिलांनी, आमच्या मामंजींनी, वैद्याला दाखवले, वैद्य म्हणाला हे मूल मूलच राहील. तेव्हा ठरले. सव्वा महिना उलटला, दोन महिने होत आले, कोणी नाव काढीना. तुम्ही पनवेलीला होता. एक दिवस मामंजी पूजेला बसलेले आणि सासूबाई सूप घेऊन उठल्या. मला म्हणाल्या, चल. मी सतरा वर्षांची. पाच घरी त्या दारात उभ्या राहिल्या, मागे मी. दोन घरी आम्हाला कितीतरी वेळ तिष्ठत ठेवले. मामंजी पुढे कितीतरी दिवस सासूबाईंशी बोलले नाहीत. ही तुमची गोड गोष्ट.

आता पुढचे ऐका. तुम्ही लिहिता, आई गेल्यावर आम्ही सगळ्यांनीच केले. भावोजी, बाळ ओट्यावर तुमचा होता. माजघरात तो माझा होता. मधुच्या नोकरीपायी मी कल्याणला आले ती तो गेल्यावर; तोवर ठाण्याला त्याची धोतरे मी धुतली. तो भरकटला की नाक्यापर्यंत मी अनवाणी धावले. माझ्या माहेरची तीन लग्ने झाली, मी एकालाही गेले नाही, कारण माझ्यावाचून तो जेवत नसे. माझी लेक यमू देवीच्या तापाने फणफणत होती, आणि त्याने माझा पदर धरला तो सोडीना. मी कोणाकडे आधी बघायचे होते? तुम्ही तेव्हा शाळेत वृत्ते शिकवत होता.

मी त्याचा राग केला नाही. तो गेला तेव्हा तुमच्यापेक्षा जास्त मी रडले. पण सासूबाईंना मी होते. मंदाकिनीला कोण आहे? मी आता किती दिवसांची? मधु कचेरीत. ही वीस वर्षांची पोर जन्मभर त्या दाराशी बांधून घालू? आणि तीही मुलगी. मुलगा असता तर ओट्यावर तरी बसवला असता.

मला पापीण म्हणायचे असेल तर म्हणा. मी जे केले ते डोळे उघडून केले.

*

ठाणे,
आश्विन वद्य ४

तीर्थस्वरूप वहिनींस दाजीचा नमस्कार.

तुम्ही लिहिले ते खरे आहे. त्यात मला एक अक्षर खोडता येत नाही, आणि मी जन्मभर दुसऱ्यांची अक्षरे खोडत आलो.

पण तुम्ही विचारले, मंदाकिनीला कोण आहे? हा प्रश्न तुम्ही मला विचारला, तर मला उत्तर देऊ द्या. मी ठाण्याचे बिऱ्हाड आवरतो आणि कल्याणला येतो. ओटा नको. मागच्या दारी जागा द्या, विहिरीजवळ. गुडघे दुखतात, वाकून धुणे जमेल न जमेल, पण दोरीवर घालणे जमेल. मूल मांडीवर धरणे जमेल. माझीही वर्षे फार उरली नाहीत हे मी जाणतो. तेवढीच देतो.

मधुला आज्ञा करू नका, आणि मीही करीत नाही. त्याला एकदा येऊन तिला पाहू द्या. रीतीत आई नाहीतर बाप लागतो. मी नाही चालत, तुम्हीही नाही.

आपला
दाजी

*

ठाणे,
आश्विन वद्य ११

चिरंजीव सौभाग्यवती मंदाकिनीस अनेक आशीर्वाद.

हे पत्र मधुच्या हाती दिले असते, पण त्याच्या हातांवर कोणी निजले आहे. म्हणून टपालाने पुढे धाडतो, म्हणजे तुला आधी कळेल.

काल दुपारी तो आला. दारातच म्हणाला, “काका, मी फक्त बघायला आलोय.” पाणीसुद्धा घेतले नाही. मी पागोटे घातले आणि त्याला घेऊन निघालो. आम्ही पोचलो तेव्हा हौसाबाईच्या सुनेची बोचकी बांधलेली होती. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या भरतीला तिचे तारू निघायचे होते.

हौसाबाईने मुलगी बाहेर आणली. मधु तिच्याकडे पाहत उभा राहिला. हात पुढे केला नाही. हौसाबाई म्हणाली, “कोंडा कुठंय?”

“आणला नाही.”

“मग पाय कशाला आनलेस?”

तो वळला आणि चालू लागला. मी मागे. मला माझ्या गुडघ्यांचा इतका राग कधी आला नव्हता. स्टेशनाकडे वाट फुटते तिथे तो थांबला. मी ठरवले होते, बोलायचे नाही. मी एवढी वर्षे बोलतच आलो, आणि बोलून काय झाले ते तू जाणतेस. आम्ही दोघे उभे. कल्याणची गाडी यायची वेळ झाली होती. ती आली, तिचा आवाज झाला, ती गेली. मग मधुने अंगावरचे उपरणे काढले आणि म्हणाला, “सूप कुठे मिळेल?”

पहिले घर गुणाजी सोनाराचे. मधु दारात उभा राहून म्हणाला, “माझी मुलगी सोडवायची आहे, कोंडा घाला.” इतक्या हळू की गुणाजीने दोनदा विचारले. “काय झालंय मुलीला?” मधु म्हणाला, आजारी आहे. दुसऱ्या घरी म्हणाला, अशक्त आहे. तिथली बाई हसली, म्हणाली, मुलीसाठी कोण येतो कोंडा मागायला? त्याचे कान लाल झाले, पण सूप मागे घेतले नाही.

तिसरे घर विमलाबाईचे, माझ्या आळीच्या तोंडाशी. ती जात्यावर बसली होती. तिने जाते थांबवून विचारले, “कशी आहे मुलगी?” ती काही मुद्दाम विचारत नव्हती, लोक विचारतात तसे विचारले. जात्यातून थोडे पीठ खाली सांडत होते.

मग तो म्हणाला, “आमच्या बाळकाकासारखी आहे.”

हे तो मोठ्याने म्हणाला, सूनबाई. पलीकडच्या दारातून एकाने डोके बाहेर काढले.

विमलाबाई उठली, ओंजळभर कोंडा घातला, वर आणखी घातला. म्हणाली, “मग आधी सांगायचं. त्याची छाती फार नाजूक होती, पावसात तिला ओलं राहू देऊ नका. आणि दात उशिरा येतील, घाबरू नका. माझ्या थोरल्याचं लग्न झालं तेव्हा बाळ तीन दिवस आमच्याकडेच राहिला होता. रात्री त्याला पायाशी माणूस लागायचं, नाहीतर झोपायचा नाही.”

मी वाट पाहत होतो की मधु आता पुढच्या घरी निघेल. उशीर होत होता, दोन घरे उरली होती. तो निघाला नाही. तिच्या पायरीवर बसला, सूप मांडीवर घेतले, आणि म्हणाला, “आणखी काय काय करावं लागतं? सगळं सांगा. मला घरी जाऊन आईला सांगायचंय, की मला येतं.”